३६ व्या वर्षी गोव्यात आलेला ब्राझिलियन खेळाडू संघात रुळत नाही. दोष वयाचा, हवेचा की आमचा?

अंत्रुजकर, फोंडा

सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातील एका लहान फुटबॉल क्लबाचा मी चिटणीस आहे. पेशाने शिक्षक असल्यामुळे क्लबाचे काम संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी करतो. मानधन काही नाही, तक्रारी मात्र सगळ्या माझ्याच दारी येतात. त्यांतील एका तक्रारीचा निवाडा मला एकट्याला करवत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

यंदा एका हितचिंतकाच्या देणगीतून आम्ही एक ब्राझिलियन मध्यरक्षक आणला. वय ३६. तो मिनास जेराइस राज्यातील एका लहान गावचा असून सगळी कारकीर्द त्याने ब्राझीलमधल्या खालच्या श्रेणींत घालवली आहे. देश सोडून खेळायला बाहेर पडण्याची ही त्याची पहिलीच वेळ. ऑगस्टच्या मध्यास तो दाबोळी विमानतळावर उतरला तेव्हा आमच्या मनात एक भाबडा समज होता, तो आधीच कबूल करून टाकतो. ब्राझीलवर पोर्तुगीजांचे राज्य होते, गोव्यावरही होते, तेव्हा या माणसाला गोवा म्हणजे शेजारचे अंगण वाटेल, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आमच्या २२ जणांच्या संघात पोर्तुगीज भाषेतील एक वाक्य धड बोलू शकेल असा कोणी नाही. गावात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेले एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. ते मोठ्या हौसेने त्याला भेटायला आले, पण त्यांचे शाळेत घोटलेले लिस्बनी उच्चार आणि याचा मिनासचा सूर यांचा काही मेळ बसेना, आणि दहा मिनिटांत दोघेही हसत हसत हातवाऱ्यांवर आले.

खेळ त्याला येतो, याबद्दल वाद नाही. पहिल्याच सराव सामन्यात त्याने मान वर न करता डावीकडे टाकलेला लांब पास पाहून आमच्या मैदानाच्या कठड्यावर बसलेली म्हातारी मंडळी उठून उभी राहिली होती. पण आता दोन महिने होत आले. सकाळी साडेसहाच्या सरावाला तो तारवटलेल्या डोळ्यांनी येतो आणि धावण्याच्या फेऱ्यांत सगळ्यांच्या मागे राहतो. आमचे प्रशिक्षक ३१ वर्षांचे आहेत. ते त्याला आळशी म्हणतात, आणि आपल्याहून वयाने मोठ्या माणसाला रागावताना त्यांचा आवाज गरजेपेक्षा जास्त चढतो, हेही खरे. सामन्यात तो आपल्या भाषेत काहीतरी ओरडतो, मुलांना ते कळत नाही, आणि चेंडू गेला की तो दोन्ही हात वर करून उभा राहतो. मुलांनी त्याचे नाव 'आजो', म्हणजे आजोबा, ठेवले आहे. त्याचा अर्थ त्याने कोणाकडून तरी विचारून घेतला, तेव्हापासून सराव संपताच तो तडक खोलीवर जातो.

आणखी एक गोष्ट सांगताना मला लाज वाटते. गणेश चवथीला सगळी मुले आपापल्या घरी गेली, खानावळ बंद झाली, दुकानांची दारे ओढली गेली, आणि हा माणूस पहिले दोन दिवस पाव आणि अंडी खाऊन खोलीत बसून होता. मला ते तिसऱ्या दिवशी कळले. तेव्हा त्याला घरी घेऊन आलो, जेवायला घातले. गणपतीवर बांधलेल्या माटोळीला टांगलेली फळे तो एकेक करून निरखत बसला होता. पण जे व्हायचे ते होऊन गेले होते.

करार एप्रिलपर्यंत आहे. कार्यकारिणीतील काही सदस्यांना तो डिसेंबरातच संपवायचा आहे. हे वयाचे दुखणे आहे, हवामानाचे आहे, की आमच्या व्यवस्थेचे, हे कसे ओळखावे? आणि उरलेल्या महिन्यांत काही करता येण्यासारखे असेल, तर सुरुवात कोठून करावी?

पूर्व_गॅलरी, मडगाव

चिटणीस महोदय, फातोर्ड्याचे नेहरू स्टेडियम १९८९ मध्ये सुरू झाले तेव्हापासून मी तेथे सामने पाहत आलो आहे. पस्तिशीच्या आसपासचा पाहुणा खेळाडू टिकतो की नाही, हे त्याच्या पायांपेक्षा तो एकटा आला की सोबतीने आला यावर अधिक ठरते, असे माझे मत झाले आहे.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच मोसमात एफसी गोवाने रॉबर्ट पिरेस यांना आणले. १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्सचे खेळाडू. २०११ मध्ये ॲस्टन व्हिला सोडल्यानंतर स्पर्धात्मक फुटबॉलपासून दूर राहिलेले. आणि मोसम चालू असतानाच, ऑक्टोबरच्या अखेरीस, त्यांनी ४१ वर्षे पूर्ण केली. ८ सामने आणि १ गोल एवढाच त्यांचा हिशेब राहिला. लोक अजून त्यावर हसतात, पण मला ते हसणे पटत नाही. ती स्पर्धाच मुळी ऑक्टोबर ते डिसेंबर अशी दोन-सव्वादोन महिन्यांची होती, आणि तेवढ्या काळात नव्या गावातला रस्ता ओळखीचा होत नाही, तर दहा नव्या माणसांच्या चालींचा अंदाज कोठून येणार?

याच्या उलट स्पेनचे फेरान कोरोमिनास. 'कोरो' २०१७ मध्ये सायप्रसहून एफसी गोवात आले तेव्हा ३४ वर्षांचे होते. तीन मोसमांत त्यांनी सुपर लीगचे ५७ सामने खेळून ४८ गोल केले, आणि पहिल्या दोन मोसमांत, १८ आणि १६ गोलांसह, सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. त्यांना गोवा इतका कसा मानवला? प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा स्पॅनिश, मध्यफळीत एदू बेदिया स्पॅनिश, पुढच्या वर्षी बचावात कार्लोस पेन्या आले तेही स्पॅनिश. छोट्या पासांची जी पद्धत कोरो लहानपणापासून खेळत आले होते, तीच येथे सगळा संघ शिकत होता. म्हणजे परक्या देशात त्यांना मैदानापुरता स्वतःचा देश मिळाला होता. पेन्या तर २०२० मध्ये खेळणे थांबवून २०२२ मध्ये याच क्लबाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले, इतके ते येथले होऊन गेले. आपल्या खेळाडूपाशी यांतले काहीच नाही, हे ध्यानात घेऊनच त्याची तुलना करावी.

तिसरे उदाहरण आपल्या खेळाडूच्याच देशातल्या एका विख्यात खेळाडूचे आहे. एफसी गोवाचे पहिले प्रशिक्षक झिको आपल्याकडे तीन मोसम होते, पण ते स्वतः १९९१ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, जपानमधील काशिमा येथे गेले होते. तेथे तेव्हा सुमितोमो मेटल या कारखान्याचा संघ होता आणि तो दुसऱ्या श्रेणीत खेळत असे. पुढे तोच संघ काशिमा अँटलर्स झाला, आणि मे १९९३ मध्ये नव्या जे-लीगच्या पहिल्या फेरीत चाळिशीच्या झिकोंनी नागोयाविरुद्ध तीन गोल केले. आज तेथील स्टेडियमपाशी त्यांचा पुतळा आहे. मात्र ही गोष्ट सांगणारे पुढचा भाग गाळतात. जानेवारी १९९४ मध्ये अजिंक्यपदाच्या सामन्यात, प्रतिस्पर्ध्यांना मिळालेल्या पेनल्टीसाठी ठेवलेल्या चेंडूकडे झिको थुंकले आणि त्यांना लाल कार्ड मिळाले. ज्या देशाने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच देशातले ते वर्तन. अडीच वर्षे राहून, पुतळा होण्याइतके प्रेम मिळवूनही माणूस आतून एखाद्या ठिकाणी परकाच राहिलेला असतो, आणि पंचाची शिट्टी वाजली की ते उघडे पडते. आपला खेळाडू दोन महिन्यांनी हात वर करून उभा राहतो, एवढ्यावरून मी तरी त्याचा निकाल लावणार नाही.

म्हापशाचा_फिजिओ

मी पंधरा वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आहे, त्यामुळे शरीरापुरतेच लिहितो.

ऑगस्ट हा मिनास जेराइसमध्ये हिवाळ्याचा शेवट असतो. तो पठारी प्रदेश आहे. त्याची राजधानी बेलो होरिझोन्ते सुमारे ८५० मीटर उंचीवर आहे, आणि तेथे त्या दिवसांत हवा कोरडी व सौम्य असते. तेथून हा माणूस थेट आपल्या पावसाळ्यात उतरला आणि आता ऑक्टोबरच्या उन्हात खेळतो आहे. आपल्याकडे पारा फार चढत नाही, पण हवेतल्या ओलाव्यामुळे घाम सुकत नाही, आणि घाम न सुकता नुसता निथळत राहिला तर शरीर थंड होत नाही. नव्या उष्ण हवेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्या काळात रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. आपल्या खेळाडूला दोन महिने झालेले आहेत, म्हणजे हवामानाचा मोठा भाग आता मागे पडायला हवा होता. तरीही तो सकाळी तारवटलेला दिसत असेल, तर त्याचे कारण हवेत शोधू नका. तो झोपतो किती, हे आधी विचारा.

वयाविषयी बोलायचे तर, श्वासाने घेतलेला प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता तिशीनंतर सर्वसाधारण माणसात दर दहा वर्षांनी सुमारे १० टक्के घटते. कसून सराव करणाऱ्यांत ही घट जवळपास निम्मी असते. त्यामुळे ३६ व्या वर्षी चांगला खेळाडू ९० मिनिटे धावू शकत नाही, ही समजूत चुकीची आहे. खरी अडचण झटकन वेग घेण्यात असते, कारण चपळ हालचालींचे स्नायुतंतू आधी कमी होतात. आणि त्याहून मोठी अडचण सामन्यानंतर शरीर पूर्ववत होण्यात असते. रविवारी खेळलेल्या विशीतल्या मुलाला मंगळवारी पुन्हा धावायला लावता येते. याला पूर्ण ७२ तास द्यावे लागतील. आपले प्रशिक्षक सगळ्यांना एकच सराव देत असतील, आणि लहान क्लबांत बहुधा तेच होते, तर हा माणूस आठवडाभर थकलेलाच राहून पुढच्या रविवारी उतरत असणार.

मांडीच्या मागच्या स्नायूचे जुने दुखणे आहे का, हे जरूर विचारावे. वय आणि पूर्वीची इजा ही त्या स्नायूच्या दुखापतीची दोन ठळक कारणे आहेत. गुडघ्यांवर बसून, घोटे जोडीदाराला धरायला देऊन, धड सरळ ठेवत सावकाश पुढे झुकण्याचा जो नॉर्डिक व्यायाम आहे, त्याने अशा दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, असे दिसून आले आहे. त्याला पैसे लागत नाहीत, जोडीदार लागतो. तो जोडीदार संघातला एखादा तरुण मुलगा असावा, असे सुचवतो. माझा विषय नाही, पण आठवड्यातून दोनदा ज्याचे घोटे धरावे लागतात, त्याला पाठीमागे नावे ठेवणे जरा अवघड जाते. आणि सरावानंतर त्याला दहाच्या सुमारास मिठाची पेज प्यायला लावा. पाणी, मीठ आणि भात एकाच वाटीत देणारे याहून स्वस्त पेय मला ठाऊक नाही.

वरचा_मजला_घोगळ

नमस्कार भाऊ. मी खेळाडू नाही आणि खेळातले मला फारसे कळतही नाही. मात्र आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर गेली नऊ वर्षे परदेशी खेळाडू भाड्याने राहतात. त्यांतले तिघे ब्राझीलचे होते, आणि तिघेही तिशी उलटून गेलेले.

डॉक्टरांनी झोपेचे विचारले आहे, त्याचे उत्तर मी न पाहताच सांगू शकते. त्या माणसाला बायको-मुले असतील, तर तो रात्री फोनवर असतो. ब्राझीलचा बराचसा भाग आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. तिथे बायको कामावरून संध्याकाळी सहाला घरी येते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. आमच्याकडचा पहिला भाडेकरू रोज त्या वेळेपर्यंत जागत बसे, आणि त्याच्या क्लबातले लोक सकाळी येऊन मला विचारत की, हा रात्री पितो का? पीत काही नव्हता. मुलीला गृहपाठ सांगत असे. विशीतल्या मुलाला घरी फक्त आईवडील असतात, ते रात्री झोपून जातात आणि तोही झोपतो. छत्तिशीच्या माणसाचा सगळा संसार तिकडे जागा असतो. वयाचा फरक म्हणाल तर मला तो इथे दिसला.

यावर तोड आहे. तिकडे शाळा पाळ्यांत भरतात. मुले सकाळच्या पाळीला जाणारी असतील, तर ती सव्वासहाला न्याहारी करतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे पावणेतीन होतात, म्हणजे ज्या वेळी सगळा गोवा आडवा झालेला असतो नेमकी तीच वेळ. मुले दुपारी साडेबाराला घरी परततात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ. या दोन वेळा त्याच्यासाठी राखून ठेवा, त्यांत बैठक किंवा सराव घालू नका, आणि मग दहा वाजता झोपण्याचा आग्रह धरा. ब्राझीलने २०१९ पासून उन्हाळ्यात घड्याळे पुढे करणे बंद केले आहे, त्यामुळे हा हिशेब वर्षभर बदलत नाही.

जेवणाचे म्हणाल, तर मासे आणि भात त्यांना चालतो, पण आपल्या हुमणाचा, म्हणजे माशांच्या कालवणाचा, तिखटपणा पहिले काही महिने सोसत नाही. त्यांच्याकडे रोजच्या जेवणात भात आणि शिजवलेल्या कडधान्याचे घट्ट कालवण असते. मी एकदा अळसांद्यांचे, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचे, तोणाक मिरची अगदी बेताची घालून केले, तर तो भाडेकरू ताटाकडे बघून काही वेळ बोललाच नाही. तेव्हापासून आमच्याकडे आठवड्यातून दोन वेळा अळसांदे ठरलेले. पाव तर काय, नावासकट त्यांचाच आहे.

आणि भाषेची एवढी काळजी करू नका. आपल्या बोलण्यातले बटाटा, चावी, साबण, बादली, कोबी, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेले आहेत. मी स्वयंपाकघरात एकेक वस्तू दाखवून ते म्हणून दाखवले आणि तो प्रत्येक शब्दाला टाळी देत गेला. फक्त अननसापाशी गाडी अडली, कारण ब्राझीलमध्ये त्याला 'आबाकाशी' म्हणतात. 'पगार' त्यांच्याकडे क्रियापद आहे, पैसे देणे अशा अर्थाचे. तो शब्द तुमच्या खेळाडूला बहुधा आधीच कळलेला असेल. वेळेवर कळू द्या म्हणजे झाले.

चवथीचे वाचून मात्र वाईट वाटले. रागावते असे समजू नका, पण पुढच्या वर्षी कोणीही परका माणूस संघात असेल, तर चवथीच्या आधी दोन दिवस त्याचे पाच दिवसांचे जेवण कोणत्या घरी आहे, हे वहीत लिहून ठेवा. नाताळ जवळ येतो आहे. तो त्याचा सण आहे आणि तेव्हा तो जास्त एकटा पडेल.

बारा_नंबर_वास्को

वरील उत्तरे वाचली. सगळी मायेची आहेत, पण एका प्रश्नाला कोणीच हात लावलेला नाही. त्या माणसाच्या जागी बाकावर बसलेला तुमच्याच गावचा मुलगा कोण आहे? प्रत्येक लहान क्लबात एक १९ वर्षांचा मध्यरक्षक असतो, जो दोन वर्षे वाट पाहत असतो, आणि देणगी आली की त्याच्या डोक्यावर परदेशातला छत्तिशीचा माणूस येऊन बसतो. तुमची मुले 'आजो' म्हणतात त्यामागे मस्करी कमी आणि ही चीड जास्त असावी. पिरेस, झिको ही कोट्यवधींच्या व्यवहारांतली मोठ्या माणसांची उदाहरणे आहेत. फोंड्याच्या मैदानावर ती किती लागू पडतात, याचा विचार आपण करावा.

हे लिहिण्याचा अधिकार मला एवढ्यासाठीच आहे की, ३३ व्या वर्षी मीही असाच पाहुणा होतो. बचावपटू म्हणून एका मोसमासाठी कोलकात्याला गेलो होतो. देश आपलाच, तरी पहिल्या महिन्यात मी तेथे एक गोल अक्षरशः एका शब्दापायी दिला. आमचा गोलरक्षक मागून 'डान, डान' असे ओरडत होता. बंगालीत डान म्हणजे उजवीकडे. माझ्या कानाला तो आपला 'डावा' वाटला आणि मी डावीकडे सरकलो. उजवीकडून आलेल्या खेळाडूने निवांतपणे चेंडू जाळ्यात टाकला. त्यानंतर चार दिवस माझ्याशी कोणी धड बोलले नाही. शब्द चुकला होता, हे त्यांना सांगण्याइतकी भाषाही माझ्यापाशी नव्हती. आपले आल्विटो डिकुन्हा २००२ मध्ये साळगावकर क्लब सोडून कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेले, दशकाहून अधिक काळ राहिले आणि बंगालीही शिकले, पण ते विशीत गेले होते. त्या वयात भाषा अंगाला आपोआप चिकटते. तिशीनंतर ती पाटीवर लिहून घोकावी लागते, आणि घोकायची लाज वाटते, कारण आपण इतरांना शिकवायला आलो आहोत, असे आपल्याला वाटत असते.

तरुण खेळाडू न बोलताही धावून वेळ मारून नेतो. वय झालेल्या खेळाडूची सगळी पुंजी म्हणजे पुढे काय होणार ते इतरांच्या आधी दिसणे. आणि जे दिसले ते इतरांना सांगता आले नाही, तर तो नुसता सावकाश धावणारा माणूस उरतो. म्हणून माझी सूचना एकच आहे. तो सामन्यात नेमके काय ओरडतो, ते त्याला कागदावर लिहायला लावा. 'मागे माणूस आहे', 'सोड', 'वेळ आहे', 'मला दे', 'डावीकडे', 'उजवीकडे', 'वर चला', 'थांबा' यापलीकडे मैदानावर काही लागत नाही. प्रत्येक गोष्टीला एकच शब्द ठरवा, मग तो कोंकणी असो, मराठी असो वा त्याचा असो, आणि सरावात जो दुसरा शब्द वापरील त्याला दहा जोर काढायला लावा. प्रशिक्षकांनाही.

आणि त्या १९ वर्षांच्या मुलाचे काय करणार, हे कळवावे.

अंत्रुजकर, फोंडा (साडेतीन आठवड्यांनी)

आपणा सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काही गोष्टी करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

घोगळच्या बाईंचे निदान तंतोतंत खरे ठरले. त्याला दोन मुली आहेत आणि तो रोज पहाटे तीनपर्यंत जागा असे. दोन महिन्यांत आमच्यापैकी एकानेही त्याला हे विचारले नव्हते. आता तो दुपारी पावणेतीनला फोन करतो, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी नसला तरी मैदानावर वेळेवर हजर असतो. प्रशिक्षकांनी सामन्यानंतरचे तीन दिवस त्याला वेगळा सराव द्यायचे मान्य केले. खळखळ केली, पण केले.

शब्दांची यादी खोलीच्या दारामागे चिकटवली आहे. ती करताना एक गोष्ट उलगडली. सामन्यात तो 'लाद्रांव' असे ओरडत असे, आणि आमच्या गोलरक्षकाने ते कोठेतरी शोधून त्याचा अर्थ 'चोर' असा काढला होता. हा आपल्याला शिव्या देतो, असे मुले धरून बसली होती. ब्राझीलमध्ये मागून प्रतिस्पर्धी चेंडू हिसकावायला येतो आहे, हे जोडीदाराला सांगण्यासाठी 'चोर आला' असेच ओरडतात, हे त्याने खडूने फळ्यावर आकृती काढून समजावले. मुलांनी मतदान घेऊन तोच शब्द ठेवला. 'आजो' हे नाव मात्र गेलेले नाही. तो आता त्या हाकेला ओ देतो. त्याला ते आवडू लागले आहे, की त्याने ते सोसायचे ठरवले आहे, हे मला सांगता येत नाही.

वास्कोच्या बंधूंनी विचारलेला मुलगा आहे, आणि तो १९ चाच आहे. मी त्याच्याशी बोललो. तो म्हणाला की, बाकावर बसण्याचे दुःख नाही, पण आपल्या जागी आलेला माणूस उभा राहूनच खेळत असेल, तर आपण धावायला का शिकलो? याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सध्या पहिली ६० मिनिटे ब्राझिलियन खेळाडू आणि शेवटची ३० मिनिटे हा मुलगा, अशी वाटणी केली आहे. कराराचा निर्णय कार्यकारिणीच्या डिसेंबरच्या बैठकीत होईल. आज मोजले तर दोन्ही बाजूंची मते सारखी आहेत.

बारा_नंबर_वास्को

वाटणी उलटी करा. आपले सामने चार वाजता सुरू होतात. पूर्वार्धात ऊन अंगावर असते आणि दोन्ही संघ नुसते धावत सुटतात. ते काम मुलाचे आहे. पाचनंतर सावली मैदानावर येते, समोरच्यांचे पाय जड होतात आणि मधली जागा मोकळी पडू लागते. ती जागा ज्याला दिसते त्याला तेव्हा आत पाठवा. मुलगा एक तास खेळला तर त्याची तक्रार राहणार नाही, आणि बाकावर बसून छत्तिशीचा माणूस समोरच्या संघाला तासभर वाचील ते वेगळेच. बदली करताना दोघांना रेषेवर अर्धा मिनिट बोलू द्या.

अंत्रुजकर, फोंडा

हे सुचले नव्हते. येत्या रविवारी कुंकळ्ळीच्या संघाशी सामना आहे, तेव्हा करून पाहतो. प्रशिक्षकांना ही कल्पना त्यांचीच आहे असे वाटेल, अशा बेताने सांगावी लागेल.